पानं कुणाच्या नावावर? प्रिंट कोटा बसवताना, आणि तो अडला की

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे: प्रिंटरच्या पानांचा हिशोब. पण तुमच्यापैकी कुणी शिकवणी वर्ग चालवतं, कुणी छोट्या ऑफिसात 'संगणकाचं बघणारा माणूस' म्हणून ओळखलं जातं, कुणी मंडळाच्या कामात असतं. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्या टेबलावर येणारच.

आपलंच उदाहरण घेऊ. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा विषय म्हणून तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा घेता येतात. मराठी त्यांत नाही. त्यामुळे आपली मुलं शाळेत बहुधा हिंदी घेतात आणि मराठी शिकतात ती शनिवार-रविवारी, स्वयंसेवकांच्या वर्गात. त्या वर्गांना दर आठवड्याला कागद लागतात. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या ऑफिसच्या प्रिंटरवर बाराखडीचे चाळीस कागद निघतात, हे इथे विचारायला नको! पण जिथे तीन-चार गट मिळून एक प्रिंटर वापरतात, तिथे महिन्याच्या शेवटी टोनरचं बिल आलं की 'हे सगळं आम्ही वापरलेलं नाही' हे वाक्य हमखास ऐकू येतं. भांडण कागदाचं नसतंच. पाचशे कागदांची रीम स्वस्त असते, महाग असतो तो रंगीत टोनर. आणि नोंद नसली की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

प्रिंट कोट्याचं सॉफ्टवेअर तीन कामं करतं: कुणी किती पानं छापली ते मोजतं, ती त्या माणसाच्या किंवा गटाच्या खात्यावर टाकतं, आणि मर्यादा संपली की पुढचं काम अडवतं. माझा सल्ला असा की पहिले दोन महिने फक्त मोजा. अडवू नका. खरा वापर किती आहे हे कळल्याशिवाय ठरवलेला कोटा म्हणजे नुसता अंदाज, आणि तो नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी चुकतो.

नुसतं मोजायचं असेल तर पैसे खर्च करायचीही गरज नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंट सर्व्हिसचा 'ऑपरेशनल' नावाचा लॉग असतो. तो मुळात बंद असतो, चालू करावा लागतो. मग छापलेल्या प्रत्येक कामाची ३०७ क्रमांकाची नोंद पडते: कुणी, कोणत्या प्रिंटरवर, किती पानं. यात एक खोच आहे. ३०७ मध्ये मूळ दस्तऐवजाची पानं असतात, प्रतींचा गुणाकार धरलेला असेलच असं नाही. प्रतींचा आकडा ८०५ क्रमांकाच्या नोंदीत सापडतो. दोन पानांच्या कागदाच्या तीस प्रती काढणारा माणूस नुसत्या ३०७ वर विसंबलात तर अगदी काटकसरी दिसेल.

लिनक्स किंवा मॅक असेल तर 'कप्स' ही छपाई व्यवस्था कोटा स्वतःच सांभाळते. प्रिंटरला दोन गोष्टी सांगायच्या: 'जॉब-कोटा-पीरियड' म्हणजे किती सेकंदांची मुदत, आणि 'जॉब-पेज-लिमिट' म्हणजे त्या मुदतीत किती पानं. आठवड्यासाठी मुदत ६०४८०० सेकंद. दोन्ही द्यावे लागतात, एकच दिलात तर कोटा लागूच होत नाही. पाठपोट छपाई इथे दोन पानं धरली जाते. आणि ही मर्यादा त्या प्रिंटरवर सगळ्यांना सारखीच बसते, शिक्षकाला जास्त आणि विद्यार्थ्याला कमी असं करता येत नाही. बऱ्याच जागी गाडी इथेच अडते आणि मग पेपरकटसारखं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. पेपरकट हे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या कंपनीचं.

बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच: प्रत्येक पान एकाच दारातून गेलं पाहिजे. हे दार म्हणजे प्रिंट सर्व्हर. लोकांच्या लॅपटॉपवरून काम सर्व्हरच्या रांगेत येतं, सॉफ्टवेअर ते मोजतं आणि मगच प्रिंटरला सोडतं. पण हल्लीचा कुठलाही प्रिंटर नेटवर्कवर स्वतःची जाहिरात करत बसलेला असतो. नवीन लॅपटॉप त्याला आपोआप शोधतो आणि थेट जोडून घेतो. ते काम दारातून जातच नाही. म्हणून प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त सर्व्हरच्याच आयपी पत्त्यावरून काम स्वीकारायचं असं बांधून टाका, आणि प्रिंटरच्या अॅडमिन पानाचा मूळ पासवर्ड बदला. हे केलं नाही तर बाकी सगळी मेहनत वाया, कारण ज्याला कोटा टाळायचाय त्याला ही मागची वाट आठवड्याभरात सापडते.

आता अडचणींकडे वळू.

प्रिंट निघतं पण नोंद दिसत नाही, ही पहिली तक्रार. नऊदा कारण तेच, वर सांगितलेली मागची वाट. दहाव्यांदा सर्व्हरवरच्या रांगेत 'थेट प्रिंटरला पाठवा' हा पर्याय निवडलेला असतो. मग काम स्पूलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात, उतरतच नाही आणि सॉफ्टवेअरला वाचायला काही मिळत नाही. रांगेच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर जाऊन स्पूल करण्याचा पर्याय निवडा.

पानांचा आकडा चुकतो, ही दुसरी. चाळीस पानांचं पुस्तक आणि नोंद एका पानाची. सॉफ्टवेअर स्पूलमधली फाइल उघडून पानं मोजतं, त्यासाठी त्याला प्रिंटरची भाषा कळावी लागते. पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल या माहितीतल्या भाषा. स्वस्त प्रिंटर बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या गुप्त भाषेत बोलतात. अशा वेळी आधी ड्रायव्हर बदलून बघा: कंपनीचा सर्वसाधारण पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर असतो, तो घाला. प्रिंटर ती भाषा बोलतच नसेल तर ड्रायव्हर बदलूनही उपयोग नाही. म्हणून मोजणी करायची असेल तर प्रिंटर विकत घेण्याआधी हे विचारा, नंतर नव्हे.

तिसरी तक्रार जास्त कटकटीची: पानं भलत्याच्याच नावावर पडतात. कामासोबत जे युजरनेम येतं त्यावर सॉफ्टवेअर विश्वास ठेवतं. ऑफिसच्या विंडोज मशीनवर हे ठीक चालतं. पण स्वयंसेवक आपापले लॅपटॉप आणतात, आणि मॅकवरून जातं ते त्या मॅकवरचं नाव. मग अहवालात 'आई', 'होम' आणि 'अॅडमिन' या तिघांनी महिनाभर छपाई केलेली दिसते. त्यातून आपल्याकडे एकाच गटात तीन जोशी आणि चार पाटील. आडनावाच्या आधी एकच अक्षर लावून युजरनेम बनवलंत तर घोळ ठरलेलाच. बाहेरच्या लॅपटॉपसाठी छपाईच्या वेळी नाव-पासवर्ड विचारणारी खिडकी लावा, किंवा वेबपानावर लॉगिन करून फाइल चढवायची सोय ठेवा. आणि युजरनेम म्हणून एनआरआयसी किंवा एफआयएन क्रमांक अजिबात नको. १ सप्टेंबर २०१९ पासून सिंगापुरात कायद्याची गरज नसताना किंवा ओळख अगदी काटेकोर पटवायची निकड नसताना संस्थांनी हे क्रमांक गोळा करायचे, वापरायचे नाहीत. पानांचा हिशोब या दोन्हींत बसत नाही.

ओळखपत्र टेकवून प्रिंट सोडायची सोय असेल आणि 'कार्ड ओळखलं नाही' असं येत असेल, तर कार्ड खराब आहे असं लगेच ठरवू नका. एकच क्रमांक एक रीडर दशमान पद्धतीत पाठवतो, दुसरा सोळामान पद्धतीत, तिसरा उलट्या क्रमाने. रीडर नोटपॅडमध्ये जोडून कार्ड टेकवा, जे उमटेल ते खात्यातल्या क्रमांकाशी ताडून बघा. दोन मिनिटांत उलगडा होतो.

पान निघालं नाही पण खात्यातून वजा झालं? इथे सिंगापूरची हवा मधे येते. वर्षभर दमटपणा, कागद ओलावा धरतो, वळतो, दोन-दोन ओढले जातात आणि प्रिंटर अडकतो. सॉफ्टवेअरने तर पानं आधीच वजा केलेली असतात. उपाय असा की छापून झाल्यावर प्रिंटरच्या स्वतःच्या मोजणीशी ताडून बघायला सॉफ्टवेअरला सांगायचं. हे एसएनएमपी नावाच्या पद्धतीने होतं, ती प्रिंटरवर चालू असावी लागते. शिवाय परतावा मागायची सोय ठेवा, आणि मागितला की फार चौकशी न करता द्या. दहा सेंटसाठी स्वयंसेवकाला उलटतपासणीला उभं करणं परवडत नाही. उघडी रीम एसी बंद असलेल्या खोलीत रात्रभर ठेवू नका, पुन्हा वेष्टनात गुंडाळा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

काळ्या-पांढऱ्या कागदाचे रंगीत पैसे लागले, हेही ऐकायला येतं. वर्डच्या फाइलमध्ये एखादा निळा दुवा असतो, आणि सॉफ्टवेअर पानागणिक रंग तपासत नसेल तर एका निळ्या ओळीपायी अख्खा दस्तऐवज रंगीत ठरतो. मूळ सेटिंग काळं-पांढरं आणि पाठपोट ठेवलंत की हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. कोट्यापेक्षा या एका सेटिंगने जास्त बचत होते, असं माझं मत.

कोटा वेळेवर भरला जात नाही, त्याचं कारण पुष्कळदा घड्याळ असतं. सर्व्हर क्लाउडवर असेल आणि त्याचं घड्याळ यूटीसी असेल, तर त्याची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे आठ. सोमवारी साडेसातला कागद काढायला आलेल्या बाईंचा कोटा संपलेलाच दिसणार. सर्व्हर पुण्याहून कुणी सांभाळत असेल तर तिथल्या मध्यरात्री इथे अडीच वाजलेले असतात, तेवढं चालून जातं. तरीही वेळेचा प्रदेश 'सिंगापूर' असाच ठेवा.

आणखी एक आपली खास अडचण. 'मुळाक्षरे सराव' असं फाइलचं नाव अहवालात नीट दिसतं, पण सीएसव्ही उतरवून एक्सेलमध्ये उघडलं की भलतीच चिन्हं. माहिती बिघडलेली नाही. एक्सेलमध्ये डबल-क्लिक न करता 'डेटा' मेनूतून फाइल आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

फाइलच्या नावांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबून बोलू. कुणी 'राजीनामा' नावाची फाइल छापतं, कुणी रक्ततपासणीचा अहवाल, कुणी घटस्फोटाच्या वकिलाचं पत्र. हे सगळं लॉगमध्ये नावानिशी बसतं आणि हिशोब बघणाऱ्याला दिसतं. विंडोजच्या लॉगमध्ये मायक्रोसॉफ्टने दस्तऐवजाचं नाव मुळात झाकलेलंच ठेवलंय, वेगळं धोरण चालू केल्याशिवाय दिसत नाही. ते का, हे यावरून कळावं. हिशोबाला पानांची संख्या पुरते. सिंगापूरचा २०१२ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, पीडीपीए, याचे मुख्य नियम २ जुलै २०१४ पासून लागू आहेत. ते फक्त कंपन्यांना नाहीत, मंडळंही त्यांत येतात. गरज संपलेली वैयक्तिक माहिती ठेवायची नाही, आणि जबाबदार म्हणून एक माणूस नेमायचा. तेव्हा नावं लपवता येत असतील तर लपवा, तपशिलाची नोंद किती महिन्यांनी पुसायची ते ठरवा, आणि छपाईची नोंद होते हे लोकांना आधी सांगा. चोरून मोजणं मला तरी पटत नाही.

शेवटचं, अपडेटबद्दल. 'प्रिंटरचाच तर सर्व्हर, त्यात काय चोरायचंय' असं म्हणणारे भेटतात. पेपरकटमध्ये २०२३ साली एक भोक सापडलं, सीव्हीई-२०२३-२७३५०, गंभीरपणाच्या मापावर १० पैकी ९.८. पासवर्डशिवाय कुणालाही बाहेरून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. कंपनीने दुरुस्ती मार्च २०२३ मध्येच दिली होती: २०.१.७, २१.२.११ आणि २२.०.९ या आवृत्त्यांत. एप्रिलच्या मध्यापासून हल्ले सुरू झाले ते ज्यांनी ती घातली नव्हती त्यांच्यावर. मे महिन्यात अमेरिकेच्या एफबीआयने आणि सायबरसुरक्षा संस्थेने इशारा दिला तेव्हा त्यात खंडणीखोर टोळ्यांच्या निशाण्यावरच्या शिक्षणसंस्थांचा उल्लेख होता. तुमच्याकडे जुनी आवृत्ती कुठे चालू असेल तर आजच बघा. 'अबाउट' पानावर क्रमांक असतो. आणि सर्व्हरची ९१९१ व ९१९२ ही दारं इंटरनेटवरून उघडतात का, ते घरून मोबाइलच्या डेटावर तपासा. उघडत असतील तर फायरवॉलमध्ये आधी ती बंद करा, अपडेट त्यानंतर.