थाळीतील कर्बोदकांचा हिशेब

पेढीवरील रोजमेळ पै-पैने जुळवणाऱ्या घरांतही थाळीतील कर्बोदकांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मधुमेह जडला की चहातील साखर बंद होते आणि पथ्य पूर्ण झाले, असे मानले जाते. वस्तुतः पोळी, भात, डाळ, फळे यांतील कर्बोदकांचेही पचनानंतर मुख्यतः ग्लुकोजच होते.

एका जेवणात अशी किती कर्बोदके पोटात गेली, हे मोजणे म्हणजेच कर्बोदक-गणना. तीस ग्रॅम कणकेच्या फुलक्यात ती सुमारे २० ग्रॅम असतात, तर शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २५ ते २८. तीन फुलके व एवढा भात घेतला की पंचाऐंशीच्या आसपास बेरीज झाली. वरण आणि फळ अजून धरलेलेच नाही.

जैन स्वयंपाकघरात या गणनेला काही खास वळणे आहेत. बटाटा वर्ज्य असला तरी त्याच्या जागी येणारे कच्चे केळेही पिष्टमयच. खाकरा हलका समजून चार-पाच सहज संपवले जातात. पण भाजल्याने कणकेतील पाणी उडते, कर्बोदके नव्हेत. पर्वतिथीला हिरव्या भाज्या टाळल्या की ताटात धान्याचा भाग नकळत वाढतो. अशा दिवशी एक फुलका कमी करून मूग किंवा मठाची उसळ वाढवणे बरे, मात्र तिचीही मोजणी करून.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ पथ्याचा नाही. दुकानाच्या घाईत सूर्यास्तापूर्वी चार घास घेतले, औषधाची मात्रा मात्र नेहमीचीच राहिली, तर चौविहाराच्या रात्री रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमखाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही तिची लक्षणे. तत्काळ तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

व्रतभंगाच्या भीतीने अशा वेळी साखर नाकारणारे आढळतात. पच्चक्खाणात ‘सव्वसमाहिवत्तियागार’ ही सवलत प्राचीन काळापासून आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. याविषयी साधू-साध्वींशी आणि मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलणे पच्चक्खाण घेण्यापूर्वीच व्हावे. उपवास आहे म्हणून इन्सुलिन स्वतःहून पूर्ण थांबवणेही घातकच. विशेषतः टाइप १ मधुमेहात.