सहा अँपच्या बोर्डवर किती ओझं? दुकानासाठी यूएसबीवाला एक्स्टेन्शन बोर्ड निवडताना

दुकान टाकायचं ठरलं की आपण भाड्याचा, फर्निचरचा, फ्लेक्सचा हिशेब आठवडाभर करतो. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लक्षात येतं, अरे, गाळ्यात प्लग दोनच आहेत! मग कुणीतरी गाडी काढतो आणि दीडशे-दोनशे रुपयांचा पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन येतो. त्यावर दोन यूएसबी आहेत म्हणून सगळे खूश. पुढची पाच वर्षं दुकानाचा सगळा कारभार त्या बोर्डवर चालतो.

आजचा विषय हाच बोर्ड. भोरच्या बाजारपेठेतला झेरॉक्सवाला असो, नसरापूरला ब्लाउज शिवणाऱ्या ताई असोत, की वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, ट्रेकर्ससाठी घरगुती राहण्याची सोय करणारा कुणी असो, प्रश्न सगळ्यांचा सारखाच. गाळे आणि घरं जुनी, प्लग पॉइंट मोजके आणि मशीन वाढत चाललेल्या.

आधी एक आकडा डोक्यात पक्का बसवा. आपल्याकडे घरात-दुकानात येणारी वीज २३० व्होल्टची. साधा लहान प्लग ६ अँपिअरचा. सहा गुणिले दोनशे तीस, म्हणजे १३८० वॅट. त्या बोर्डवर चार सॉकेट असोत की आठ, सगळ्यांचं मिळून ओझं १३८० वॅटच्या आत राहिलं पाहिजे. इथेच लोक फसतात. आठ सॉकेट म्हणजे आठ मशीन लावायची परवानगी, असं वाटतं. सॉकेटची संख्या ही सोय झाली, क्षमता नव्हे. मोठ्या, जाड पिनचा पॉवर प्लग १६ अँपिअरचा, म्हणजे साधारण ३६८० वॅटचा.

आता शिलाईच्या दुकानाचा हिशेब करू. इस्त्री १००० वॅट, मशीनची मोटर १०० च्या आसपास, पंखा ७५, एलईडी दिवा २०. झाले सुमारे १२००. बसतंय. पण दुपारी चार वाजता चहाची किटली त्याच बोर्डवर लागली की गणित बिघडलं. किटली एकटीच १५०० वॅटची असते. इस्त्री आणि किटली मिळून २५०० वॅट, म्हणजे जवळपास ११ अँपिअर. आणि वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या हिशेबाने. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. सहाच्या जागी अकरा अँपिअर गेले तर उष्णता तिपटीहून जास्त.

"पण सर, एमसीबी आहे ना, पडेल की ती!" हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं. मंडळी, नीट बघा. तुमच्या गाळ्यातल्या त्या लाइनवरची एमसीबी बहुतेक वेळा १६ किंवा २० अँपिअरची असते. ती भिंतीतल्या वायरचं रक्षण करायला बसवलेली आहे. तिच्या दृष्टीने ११ अँपिअर म्हणजे काहीच नाही, ती शांत राहणार. आणि इकडे तुमच्या सहा अँपच्या बोर्डची बारीक वायर काउंटरखाली, कापडाच्या चिंध्यांमध्ये, हळूहळू भाजत राहणार. म्हणून बोर्डला स्वतःचं ओव्हरलोड संरक्षण हवं. चांगल्या बोर्डवर एक छोटं रिसेट बटण असतं. ओझं वाढलं की ते आपोआप बाहेर येतं आणि बोर्ड बंद पडतो. थोड्या वेळाने दाबलं की पुन्हा चालू. काहींमध्ये त्याऐवजी फ्यूज असतो. दोन्हींपैकी काहीच नसेल तर तो बोर्ड दुकानात आणूच नका.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतोय? ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात एका शिलाईच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा त्यात जीव गेला. ज्वाळा वर पोहोचायच्या आधी धूर पोहोचला होता. आगीच्या कारणाबद्दल तेव्हा वेगवेगळ्या गोष्टी छापून आल्या, चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीचंही नाव आलं. कारण काहीही असो, खाली दुकान आणि वर घर ही रचना आपल्या बाजारपेठेत किती ठिकाणी आहे ते तुम्हीच मोजा. रात्री शटर खाली, आत चार्जिंग चालू, वर घरचे झोपलेले. बोर्ड निवडताना हे चित्र डोळ्यासमोर असलं पाहिजे. शंभर रुपये वाचवायचे असतील तर फ्लेक्सवर वाचवा.

चला, दुकानात गेल्यावर काय बघायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, बोर्ड उलटा करा. खरी माहिती मागच्या बाजूला असते. आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर आयएस १२९३ हा क्रमांक (भारतात प्लग आणि सॉकेटसाठी हेच मानक आहे) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स क्रमांक. नुसतं चिन्ह कुणीही छापतो, म्हणून क्रमांक महत्त्वाचा. मोबाइलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप मोफत मिळतं. त्यात लायसन्स क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, वस्तू आणि लायसन्स चालू आहे की नाही हे दिसतं. नाव बोर्डवरच्या नावाशी जुळत नसेल तर बोर्ड परत ठेवा. दुकानदाराला वाईट वाटेल, वाटू दे. दोन मिनिटांचं काम आहे, काउंटरवर उभं राहून करा.

यूएसबीचं वेगळं आहे. सॉकेटवर आयएसआय आहे म्हणजे यूएसबीचीही हमी आली, असं समजू नका. मोबाइल चार्जर आणि ॲडॉप्टर यांना बीआयएसकडे वेगळी नोंदणी लागते, तिचा क्रमांक आर ने सुरू होतो. बोर्डच्या यूएसबी भागासाठी असा क्रमांक दिला असेल तर तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. हे का करायचं? कारण त्या छोट्याशा डब्यात एका बाजूला २३० व्होल्ट आहेत आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातल्या मोबाइलला जाणारे ५ व्होल्ट. दोघांच्या मध्ये असतात ते काही मिलिमीटर अंतर आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर. स्वस्तात करणारा नेमकं तिथेच वाचवतो, कारण ते बाहेरून दिसत नाही.

वायरकडे या. सहा अँपच्या बोर्डला तांब्याची किमान ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर असते, १ ची मिळाली तर उत्तम. सोळा अँपच्या बोर्डला १.५ हवी. हा आकडा बहुधा वायरवरच छापलेला असतो, नखाने पुसून बघा, जात नाही ना ते. वायर तीन तारांची असली पाहिजे. प्लग दोन पिनचा आणि बोर्डवर मात्र तीन भोकांचे सॉकेट, असा माल अजूनही रस्त्यावर विकला जातो. त्यातलं तिसरं भोक फक्त शोभेचं, आत काहीच जोडलेलं नाही. प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग खोचताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. मशीनच्या लोखंडी बॉडीत करंट उतरला तर तो तुमच्या अंगातून न जाता त्या पिनमधून जावा, यासाठी ही सगळी व्यवस्था. जुन्या वाड्यांमध्ये आणखी एक घोळ असतो. भिंतीवरच्या सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. वायरमनला बोलावून एकदा अर्थिंग तपासून घ्या, आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायला किती खर्च येईल तेही विचारा. एमसीबी वायरला वाचवते, आरसीसीबी माणसाला. पावसाळ्यात आपल्या भागातल्या भिंती चार-चार महिने ओल धरतात, तेव्हा हिची किंमत कळते.

सॉकेटची पकड बघा. सोबत एक प्लग घेऊन जा आणि खोचून बघा. सैल बसत असेल तर नको. कुठलाही देशी-परदेशी प्लग बसेल, असं सांगून विकतात त्या सॉकेटची पकड अनेकदा कशालाच धड नसते. आणि सैल प्लग हा ओव्हरलोडपेक्षा जास्त लबाड प्रकार आहे. तिथे ठिणग्या उडतात, जागा तापते, पण एकूण करंट वाढत नाही. त्यामुळे एमसीबी, फ्यूज, रिसेट बटण यांपैकी कुणालाच ते कळत नाही. ते तुमच्या नाकाला आणि हाताला कळतं. प्लॅस्टिक जळाल्याचा वास, पिनेभोवती तपकिरी डाग, चर्रचर्र आवाज, प्लग हाताला गरम लागणं. यातलं एक जरी दिसलं तरी बोर्ड बदला.

आता वायर नसलेला, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा मल्टिप्लग. त्यात बारीक वायरची भीती नाही, ही जमेची बाजू. पण त्याचं सगळं वजन भिंतीतल्या सॉकेटवर लोंबकळतं. त्यात तीन जड ॲडॉप्टर लागले की काही महिन्यांत मूळ सॉकेट सैल. काउंटरवरचा पेमेंटचा साउंडबॉक्स, दोन मोबाइल, वायफायचं राउटर, एवढ्यासाठी तो छान. इस्त्री, हेअर ड्रायर, किटलीसाठी बिलकूल नाही. आणि ते कन्व्हर्जन प्लग मिळतात ना, सोळा अँपची जाड पिन सहाच्या सॉकेटमध्ये बसवून देणारे? कंपनीने पिन जाड केली ती तुम्ही ती मशीन लहान प्लगला लावू नये म्हणूनच. कन्व्हर्जन प्लग तो अडथळा वीस-तीस रुपयांत काढून टाकतो.

यूएसबीची ताकद किती घ्यावी? खोक्यावर २.४ अँप लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा सगळ्या पोर्टचं मिळून असतं. ५ व्होल्ट गुणिले २.४ म्हणजे १२ वॅट. साउंडबॉक्स आणि एक मोबाइल आरामात चालेल. चार मोबाइल लावले तर सगळे रडत चार्ज होतील. फास्ट चार्जिंग हवं असेल तर टाइप-सी पोर्ट आणि २० वॅट किंवा त्याहून जास्त लिहिलेलं बघा, आणि दोन पोर्ट एकदम वापरले तर प्रत्येकी किती मिळतील ते बारीक अक्षरात शोधा. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला राहण्याची सोय देत असाल तर हे कामाचं आहे. रविवारी सकाळी गड चढायच्या आधी सगळ्यांचे मोबाइल आणि पॉवर बँक शंभर टक्के हवे असतात. पाहुण्यांच्या खोलीत बोर्ड गादीजवळ जमिनीवर सोडू नका, भिंतीला स्क्रूने पक्का करा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर काउंटरसाठी यूएसबीवाला बोर्ड आणि मशीनसाठी यूएसबी नसलेला साधा, दणकट बोर्ड, असे दोन वेगळे घ्या. यूएसबीचा भाग आधी बिघडतो आणि मग सगळाच बोर्ड टाकावा लागतो.

स्पाइक गार्ड, सर्ज प्रोटेक्टर ही नावं ऐकून जास्त पैसे देण्याआधी खोक्यावर ज्यूलचा आकडा शोधा. आकडाच नसेल तर बऱ्याचदा तो नुसता लाल दिव्याचा बोर्ड असतो. खरा सर्ज प्रोटेक्टर क्षणभराचा झटका स्वतः पितो, त्यासाठी अर्थिंग चांगलं लागतं आणि झटके पिऊन पिऊन तो संपतोही. पण आपल्याकडचं मोठं दुखणं वेगळं आहे. भाटघरच्या पायथ्याशी वीज तयार होते, तरी वादळात झाड पडून तारा तुटायच्या त्या तुटतातच. अशा वेळी न्यूट्रल तुटला तर तुमच्या २३० च्या लाइनवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो, आणि तोही क्षणभर नाही. तिथे सर्ज प्रोटेक्टर टिकत नाही. झेरॉक्स, कॉम्प्युटर, डीप फ्रीझर असेल तर मेन बोर्डवर व्होल्टेज जास्त-कमी झालं की लाइन तोडणारं उपकरण वायरमनकडून बसवून घ्या. दिवे अचानक प्रखर झाले तर मेन स्विच बंद करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वापरताना दोन-तीन गोष्टी. बोर्डला बोर्ड जोडू नका. जास्तीची वायर गुंडाळी करून रबर लावून ठेवू नका, गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. बोर्ड कापड, कागद, पॅकिंगच्या पिशव्यांपासून लांब आणि फरशीपासून वर. पक्कं बिल मागा. वॉरंटीला लागतं, उद्या दुकानाचा विमा उतरवलात तर तिथेही कामाला येतं. खराब माल दिला आणि दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि एक बोर्ड घेऊनही पुरत नसेल, तर दुसरा बोर्ड आणू नका. मालकाशी बोलून दोन नवीन पॉवर पॉइंट काढून घ्या, भाड्यातून वळते करता येतात का विचारा. त्याआधी वीजबिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिलाय ते बघा आणि तुमच्या मशीनची बेरीज त्याच्याशी ताडून पाहा. बेरीज जास्त भरली तर भार वाढवायचा अर्ज करावा लागेल.

जुना, डागाळलेला बोर्ड काढलात की त्याची वायर प्लगजवळून कापून टाका. नाहीतर "अजून चालतोय की" म्हणत शेजारच्या गाळ्यातलं कुणीतरी तो घेऊन जातं.