अजनाल्याची विहीर

अमृतसर जिल्ह्यातील अजनाला येथे 2014 साली गुरुद्वाराखालच्या जुन्या विहिरीतून मानवी अस्थींचा ढीग निघाला. हे मृत कोण? फाळणीच्या दंगलीतील बळी, असे काहींचे मत. 1857 मध्ये मियाँमीर छावणीतून निघून पकडले गेलेले 26 व्या बंगाल पलटणीचे शिपाई, असे इतरांचे. उत्खनन तज्ज्ञांविना झाले व बहुतेक हाडे भंगली. (मूळ स्थितीची नोंद गेली की अर्धा पुरावा गेला, हे शवविच्छेदन करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना सांगणे नलगे.)

तरले ते दात. 50 नमुन्यांतून डीएनए मिळाला. 85 नमुन्यांत प्राणवायूचे समस्थानिक तपासले गेले, कारण बालपणी प्यालेल्या पाण्याची खूण दाताच्या एनॅमलमध्ये आयुष्यभर राहते. चंडीगड, लखनौ, वाराणसी आणि आपल्या हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांनी 2022 मध्ये निष्कर्ष मांडला : ही माणसे पंजाबची नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातील होत. बंगाल सैन्याची भरती तेथलीच.

तत्कालीन डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने 282 हा मृतांचा आकडा आपल्या पुस्तकात निःसंकोच लिहून ठेवला आहे. कोणता दात कोणाचा, हे मात्र वंशजांचे नमुने जुळल्यावाचून सांगता येणार नाही.