अंगावरचा डाग लपवू नका, डॉक्टरांना दाखवा!

पिंपरी पेंढारहून पुणे सुमारे ९० किलोमीटर. अंगावर नायटा उठला म्हणून एवढ्या लांब कोण जाणार? एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि दवाखान्यातील रांग, हा हिशेब आम्हा कष्टकऱ्यांना परवडत नाही. मग कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून ट्यूब आणतो. दोन दिवसांत खाज थांबते आणि आपण निर्धास्त होतो.

बंधू-भगिनींनो, इथेच आपली फसगत होते. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दबते, पण नायट्याची बुरशी मरत नाही, उलट पसरते. कातडीही पातळ होते. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली.

आता लांबचा डॉक्टर फोनच्या पडद्यावर भेटू शकतो. केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली. तिचा सल्ला मोफत मिळतो. जवळच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या वेळी मिळतील, ते आधी विचारावे. घरच्या मोबाईलवरूनही या सेवेत डॉक्टरांशी बोलता येते.

मात्र डॉक्टरांना नीट दिसले, तरच नीट इलाज होईल. त्या दिवशी डागावर मलम, हळद, पावडर काही लावू नका. दिवसाच्या उजेडात एक फोटो लांबून व एक जवळून काढा. आधी वापरलेली ट्यूब न लाजता दाखवा. काम कोणते करता, तेही सांगा. फवारणीच्या औषधाने कातडी भाजते, गाजरगवताने मान व पापण्या खाजतात. खरूज असेल तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, नाहीतर ती घरातच फिरत राहते.

एक गोष्ट मात्र पडद्यावर दिसत नाही, ती म्हणजे बधिरपणा. फिकट किंवा लालसर डागावर स्पर्श कळत नसेल, तर फोटोवर भागवू नका. आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष तपासून घ्या. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला, तर मात्र हातापायांना कायमचे अपंगत्व येऊ शकते.

आपल्या कितीतरी आया-बहिणी असा डाग पदराखाली झाकून वर्षे काढतात. या आठवड्यात घरात प्रत्येकाला एकदा विचारा: "अंगावर कुठे काही उठले आहे का?"