हौदातले हट्टी शेवाळ

शेंद्र्यात काय अन् साऱ्या मराठवाड्यात काय, पाणी साठवल्यावाचून भागत नाही. म्हणून दारापुढे सिमेंटचा हौद असतो. उन्हाळ्यात त्याच्या भिंती हिरव्या होतात. आपण टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लिचिंग पावडर टाकतो. आठ दिवसांत हौद पुन्हा हिरवा! असे का होते?

शेवाळ ही नुसती घाण नव्हे. तो झाडासारखा वाढणारा जीव आहे. पिकाला लागते तसे त्यालाही ऊन, पाणी व खत लागते. धूळ, पालापाचोळा, खरकटे पाणी हे त्याचे खत. सिमेंटच्या बारीक छिद्रांत ते ठाण मांडून बसते. वर बुळबुळीत थर येतो. हा थर म्हणजे त्याची ढालच. वरून टाकलेले औषध आतपर्यंत पोचत नाही.

आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या हौदात शेवाळ धरले. आम्ही पावडर टाकली. शेवाळ गेले नाही, म्हणून दुप्पट टाकली. वाटले, आता पाणी शुद्ध झाले. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेवक आले. त्यांनी नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळे व्हायला हवे होते. ते झालेच नाही! पाण्यात क्लोरीन उरलाच नव्हता. तो शेवाळातच खर्ची पडला होता. आणि तेच पाणी आमची पोरं पीत होती. चूक आमचीच होती. आम्ही हौद घासलाच नव्हता.

म्हणून पहिले काम घासण्याचे. हौद रिकामा करावा. तळ, भिंती, कोपरे तारेच्या ब्रशाने खरवडून काढावेत. निघालेला गाळ बाहेर टाकावा.

दुसरे काम औषधाचे. १० लिटरच्या बादलीत ६० ग्रॅम ताजी पावडर कालवावी. निवळ वर आली की ती खराट्याने भिंतींना लावावी. अर्ध्या तासाने हौद स्वच्छ पाण्याने धुवावा. ते धुतलेले पाणी गुरांना पाजू नये. काम करताना नाकातोंडाला फडके बांधावे. पावडरीत ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. बंद व खोल टाकीत तर एकट्याने उतरूच नये.

तिसरे काम सावलीचे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर बांधली. तिचे पाणी जमिनीखालच्या बंद मार्गाने येई. अशा अंधारात शेवाळ धरत नाही. आपल्याला नहर बांधायची नाही, हौदावर घट्ट झाकण घातले तरी पुरे. ऊन अडले की शेवाळाचे अन्नच तुटले. डासांनाही अंडी घालता येत नाहीत.

हौद भरल्यावर पिण्यासाठी १००० लिटर पाण्याला २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते. ती थोड्या पाण्यात कालवून निवळ तेवढी हौदात ओतावी. एक तास थांबून मगच पाणी प्यावे. पावडरीचा डबा घट्ट बंद ठेवावा, उघडा राहिला तर पावडरीचा जोर जातो. अधूनमधून आरोग्यसेवकाकडून पाणी तपासून घ्यावे.

आधी घासा, मग औषध लावा, मग झाका. हा क्रम चुकला तर पावडर वाया जाते अन् पाणी होते तसेच राहते.