मनावरचे मळभ

आषाढातील पहिल्या सरींचे कौतुक ओसरले, की मुंबई-ठाण्याकडच्या अनेक घरांत मरगळ शिरते. गॅलरीला ताडपत्री, दोरीवर तीन दिवस न वाळलेले कपडे आणि भर दुपारी लावावी लागणारी ट्यूबलाइट. सकाळी अंथरूण सोडवत नाही, कामात लक्ष लागत नाही, हात सारखा तळकट-गोडाकडे वळतो. आपण याला आळस म्हणतो आणि स्वतःलाच दूषणे देतो. मराठी भाषा मात्र अधिक समंजस आहे. आकाश झाकोळले तरी आणि मन झाकोळले तरी, तिच्याजवळ शब्द एकच: मळभ.

दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांना तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो, असे जाणवले. १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतुमानानुसार येणाऱ्या या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन केले. डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेंदूतील जैविक घड्याळाला वेळ दाखवत असतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, सकाळच्या उजेडाने ते ओसरते. उजेड अपुरा पडला, की या घड्याळाची लय बिघडू शकते.

लंडनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. मुंबईत उलट वर्षातले सर्वांत मोठे दिवस जून-जुलैतच येतात. आपल्याकडे दिवस आखूड होत नाही, तो झाकला जातो. त्यामुळे तिकडच्या आजाराचे नाव इथल्या प्रत्येक पावसाळी उदासीला चिकटवणे योग्य नव्हे. कोंडलेले घर, थांबलेले फिरणे, खोळंबलेल्या लोकल आणि मोडलेली झोप यांचाही त्यात वाटा असतो.

उपाय मात्र बराचसा समान आहे. दिवे लावलेल्या खोलीत साधारण दोन-तीनशे लक्स प्रकाश असतो. मुसळधार पावसाचा काळोख सोडला, तर ढगाळ आकाशाखालीही तो दिवसा काही हजार लक्स भरतो. म्हणून पाऊस उघडताच सकाळी अर्धा तास छत्री घेऊन बाहेर पडावे. उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये. परदेशात प्रकाशोपचारासाठी दहा हजार लक्सचे दिवे वापरतात. मात्र नेत्रविकार किंवा द्विध्रुवी विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

ऋतूची उदासी आणि नैराश्याचा आजार यांतली सीमारेषा ओळखणे महत्त्वाचे. मरगळ असूनही मित्र आला की गप्पा रंगतात, एखादे उघडे ऊन पडले की बरे वाटते, तोवर फारशी चिंता नको. पण उदासी सलग दोन आठवडे दिवसभर टिकली, आवडत्या गोष्टींतही रस उरला नाही, झोप-भूक बिघडली, तर ऑक्टोबरची वाट पाहत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.