एसीसाठी रोवलेली पेटी

अमेरिकेतल्या मोठ्या कॅम्पग्राउंडवर गाडी लावायच्या प्रत्येक जागेशेजारी साधारण कमरेइतक्या उंचीची एक पेटी रोवलेली असते. झाकण उचललं की आत तीन तऱ्हेची सॉकेट दिसतात: २०, ३० आणि ५० अँपिअरची. आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, मुक्कामाला आलं की त्याचा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि एसी चालावा म्हणून ही सोय. मोठ्या आरव्हींमध्ये दोन-दोन एसी बसू लागले, तसं ५० अँपिअरचं सॉकेट रुळत गेलं. ते बसवणाऱ्यांनी विजेवर धावणाऱ्या ट्रकचा विचार केलेला नव्हता. तरीही २०२२ साली फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग हा विजेवरचा पिकअप ट्रक रस्त्यावर आला, तेव्हा त्याला रात्रभर वीज पाजू शकेल असं सॉकेट तळ्याकाठी, डोंगरपायथ्याशी, रानातल्या मुक्कामांवर आधीच हजर होतं. मला याचं राहून राहून नवल वाटतं.

लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते. ही युनिटं म्हणजे आपल्या लाइट बिलावरचीच. आकडा प्रचंड वाटतो, पण एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे एवढ्या अवजड बॅटरीत जेमतेम पंधरा लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा! आणि तेवढ्यावर हा ट्रक, मागे काही जोडलेलं नसेल तर, ५०० किलोमीटरच्या आसपास जातो. पेट्रोलचं इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवतं, विजेची मोटर फारच थोडी. सगळी किमया त्यात आहे.

मागे उंच, चौकोनी ट्रेलर जोडला की मात्र हा पल्ला अनेकदा निम्म्यावर येतो. वजनापेक्षा जास्त त्रास हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ११० किलोमीटरऐवजी ९० ने गेलं तर तो एक तृतीयांशाने घटतो. शिवाय वाटेतली बरीच फास्ट चार्जिंग स्टेशनं एकट्या मोटारीच्या बेताने आखलेली असतात. तिथे ट्रेलर सोडवून बाजूला ठेवावा लागतो आणि चार्जिंग झाल्यावर पुन्हा जोडावा लागतो. मुक्कामीच बॅटरी भरली तर ही यातायात वाचते.

आता पुन्हा त्या पेटीकडे. अमेरिकेत साध्या सॉकेटला १२० व्होल्ट असतात, आपल्याकडच्या २३० च्या जवळपास निम्मे. पण पुरवठ्याच्या दोन तारा एकमेकींच्या उलट झुलतात: एकीचा दाब चढतो तेव्हा दुसरीचा उतरतो. म्हणून दोघींच्या मध्ये २४० व्होल्ट मिळतात. ५० अँपिअरच्या सॉकेटमध्ये या दोन्ही तारा येतात, ३० च्या सॉकेटमध्ये एकच. तासन् तास चालणाऱ्या लोडसाठी क्षमतेच्या ८० टक्केच वीज घ्यायची, असा नियम आहे. तो लावला तर पहिल्यातून ९.६ किलोवॅट मिळतात आणि दुसऱ्यातून २.९ सुद्धा नाहीत. ५० आणि ३० हे आकडे वाचून वाटतो त्याच्या दुप्पट हा फरक! बारा तासांच्या रात्रीत एकीकडे ११५ युनिट, दुसरीकडे ३५ पेक्षा कमी. त्यातूनही थोडी वीज उष्णतेत जाते, आणि सोबतचा चार्जर लहान असेल तर आकडा आणखी खाली येतो. ज्यांचा ट्रेलर ३० अँपिअरवर भागतो त्यांचं भाग्य मोठं, कारण ५० चं सॉकेट ट्रकसाठी मोकळं राहतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो जमिनीखालचा हिशोब. इमारतीतले सगळे नळ एकदम सुटणार नाहीत या भरवशावर पाण्याचा पाइप निवडतात, तसाच इथल्या केबलचा. अमेरिकेच्या विद्युत नियमावलीनुसार ३६ किंवा जास्त जागा असलेल्या कॅम्पग्राउंडची मुख्य केबल एकूण मागणीच्या ४१ टक्केच धरून आखता येते. हा भरवसा खरा ठरत आला, कारण एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो आणि शेजाऱ्यांचे कॉम्प्रेसर क्वचितच एका वेळी सुरू होतात. ट्रक मात्र मध्येच थांबत नाही. तो एकसारखी वीज ओढतो, तेही तासन् तास. असे एक-दोन ट्रक सहज सामावतात. पण उकाड्याच्या संध्याकाळी रांगेतल्या अनेकांनी एकदम प्लग लावले तर व्होल्टेज पडतं, ब्रेकर उडतो. म्हणून आधी मालकाला विचारावं, सेटिंगमध्ये अँपिअर कमी करावेत आणि शेजारचे एसी थंडावल्यावर रात्री चार्जिंग सुरू करावं. वेगळ्या मीटरवर वीज मोजून पैसे घेणं मला मालक आणि ट्रकवाला दोघांनाही न्याय देणारं वाटतं.

आणि जिथे पेटीच नाही, अशा रानातल्या मुक्कामी हा प्रवाह उलटा फिरतो. लाइटनिंगच्या काही मॉडेलांत ट्रकवरच्या सगळ्या सॉकेटमधून मिळून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते. ट्रेलरचा एक एसी सलग आठ तास चालला तरी साधारण बारा युनिट लागतात, म्हणजे भरलेल्या बॅटरीचा दहावा हिस्साही नाही.